जोतीराव फुले : व्यापारी, शेतकरी, कंत्राटदार

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव गोविंदराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे आपले निवेदन सादर केले. शेतकऱ्याच्या पैशातून जमणारा महसूल वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि खेड्यातील मुलास बाराखडीही मिळत नाही, ही तक्रार त्या निवेदनात त्यांनी ज्या रोखठोकपणे मांडली, तिचा उल्लेख शिक्षणाच्या इतिहासावरील प्रत्येक ग्रंथात सापडतो. परंतु निवेदनाखाली त्यांनी स्वतःची ओळख काय म्हणून दिली, इकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मुलींच्या शाळेचे संस्थापक, ग्रंथकार किंवा सत्यशोधक समाजाचे प्रवर्तक असे त्यांनी तेथे लिहिले नाही. व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सभासद, एवढीच ती ओळख आहे. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, सार्वजनिक कार्याची जवळजवळ तीन तपे होत आल्यावर, सरकारी आयोगापुढे उभे राहताना या माणसास आपले पोटापाण्याचे उद्योग सर्वांत आधी सांगावेसे वाटले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

जोतीरावांच्या चरित्राचा हा भाग बहुधा दोन ओळींत उरकला जातो. महात्म्याचे चरित्र लिहिताना त्याच्या जमाखर्चाकडे वळणे भक्तांना कमीपणाचे वाटते आणि विरोधकांना गैरसोयीचे. वस्तुतः जोतीरावांनी एकाच वेळी तीन-चार छोटे धंदे चालविले नसते, तर त्यांनी जे लिहिले ते लिहिण्याची आणि जे केले ते करण्याची मोकळीक त्यांना कितपत मिळाली असती, हा प्रश्न विचारला पाहिजे. त्याचबरोबर या धंद्यांनी त्यांच्याकडून काय वसूल केले, हेही पाहिले पाहिजे.

हा प्रश्न केवळ इतिहासाच्या अभ्यासकांचा नाही. भोकरदन तालुक्यातील केदारखेड्यासारख्या कोणत्याही गावी पाहावे. थोडी कोरडवाहू शेती, रस्त्याच्या कडेला किराणा किंवा खताचे दुकान, एखादी पिठाची गिरणी, भाड्याने चालणारा ट्रॅक्टर, अशा चार आधारांवर उभा असलेला संसार तेथे नवलाचा नसतो. एका धंद्याने घर चालत नाही म्हणून दुसरा, दुसऱ्यात पैसा अडकतो म्हणून तिसरा, असा तो पसारा वाढत जातो. नोकरदार वर्ग अशा माणसाकडे कधी हेव्याने पाहतो, तर कधी त्याला धड एक काही जमत नाही अशी त्याची संभावना करतो. जोतीरावांचा आर्थिक संसार याच जातीचा होता. म्हणून त्यांची कथा या अंगाने वाचणे बोधप्रद ठरते.

फुलांचे घराणे

फुले हे आडनावच मुळी धंद्यावरून पडलेले. घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. तेथून पुरंदर तालुक्यातील खानवडी आणि मग पुणे, असा या कुटुंबाचा प्रवास झाला. आजोबा शेटिबा यांचे मुलगे पुण्यात फुलांच्या धंद्यात शिरले, पेशव्यांच्या वाड्यावर फुले पुरवू लागले आणि त्या सेवेबद्दल त्यांना जमीन इनाम मिळाली. गोऱ्ह्यांचे फुले झाले ते तेव्हापासून. धाकटे पुत्र गोविंदराव यांनी पुढे भाजीपाल्याच्या विक्रीवर व मळ्यावर संसार उभा केला. एकाच घराण्यात शेती, पुरवठा आणि किरकोळ विक्री अशी तीनही अंगे एकत्र नांदत होती.

११ एप्रिल १८२७ रोजी जन्मलेल्या जोतीरावांना या वातावरणात मातीचे आणि तराजूचे शिक्षण शाळेच्या बरोबरीनेच मिळाले. आई चिमणाबाई त्यांच्या अगदी बालपणी वारली. प्राथमिक शिक्षणानंतर वडिलांनी त्यांना शाळेतून काढून मळ्याच्या कामास लावले. शेजारी राहणारे गफारबेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी मुलाची बुद्धी ओळखून गोविंदरावांचे मन वळविले, तेव्हा १८४१ मध्ये ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. १८४७ मध्ये इंग्रजी शिक्षण पुरे झाले, त्या वेळी सरकारी नोकरीचा मार्ग त्यांच्यापुढे मोकळा होता. इंग्रजी जाणणाऱ्या तरुणांची संख्या तेव्हा अल्प होती आणि कचेऱ्यांना अशा तरुणांची गरज होती. जोतीराव त्या वाटेने गेले नाहीत.

१८४८ मध्ये पुण्यात भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि वर्षभरातच सावित्रीबाईंसह त्यांना वडिलांचे घर सोडावे लागले. घर सोडणे याचा आर्थिक अर्थ असा की, वडिलोपार्जित मळा, दुकान आणि पेठेतील पत यांचा आधार एका दिवसात तुटला. पुढील काही वर्षे त्यांनी मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकविण्याचे काम केले. शाळांना दक्षिणा फंडातून व युरोपियन हितचिंतकांकडून साहाय्य मिळे. नोव्हेंबर १८५२ मध्ये विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे त्यांचा सत्कारही झाला. परंतु देणग्यांचा ओघ हा देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असतो. १८५७ च्या उठावानंतर हे साहाय्य आटत गेले, शाळांच्या कारभारातून जोतीराव हळूहळू बाजूस झाले, आणि दुसऱ्याच्या पैशावर उभे राहिलेले कार्य किती ठिसूळ असते, याचा अनुभव त्यांच्या पदरी पडला.

एक वर्ष, दोन आरंभ

१८६३ हे साल जोतीरावांच्या आयुष्यात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. याच वर्षी त्यांनी आपल्या राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसविल्या गेलेल्या विधवांनी गुप्तपणे यावे, बाळंत व्हावे आणि मूल तेथे ठेवून जावे, अशी ती व्यवस्था होती. या कार्यास उघड वर्गणी मिळणे त्या काळात जवळजवळ अशक्य होते. कारण वर्गणीदाराचे नाव प्रसिद्ध होणे म्हणजेच त्याच्यावर बहिष्कार ओढवणे. आणि याच सुमारास जोतीरावांनी धातूच्या ओतकामास लागणारे साहित्य विकण्याचा व्यापार सुरू केला.

त्या वेळची आर्थिक परिस्थिती लक्षात घेतली पाहिजे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस बंद झाला आणि वऱ्हाड, खानदेश, गुजरात येथील कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये युद्ध संपताच तो पूर ओसरला आणि शेअरच्या सट्ट्यात उतरलेली मोठमोठी घराणी धुळीस मिळाली. नवा पैसा, नवी बांधकामे आणि कारागिरांची वाढती मागणी, असा तो काळ होता. अशा काळात कारागिराला लागणारी वस्तू विकणे हा सट्टा न खेळता तेजीचा लाभ घेण्याचा सावध मार्ग होता. या व्यापारास भांडवल फार लागत नाही, माल नासत नाही, आणि विक्री थोडी झाली तरी रोख होते. अनेक धंदे करू पाहणाऱ्याने पहिला धंदा असाच निवडावा, असे अर्थशास्त्राचा विद्यार्थीही सांगेल.

धरण, बोगदा आणि चुन्याची घाणी

यापुढचा टप्पा सरकारी कंत्राटांचा. पुणे हे लष्कराचे ठाणे. शहराला आणि छावणीला पाणी हवे होते, त्याचबरोबर पूर्वेकडील अवर्षणग्रस्त पट्ट्याला कालवा हवा होता. म्हणून मुठेवर खडकवासल्याचे धरण बांधण्यास सरकारने हात घातला. ते १८७९ मध्ये पुरे झाले. या धरणाच्या कामास बांधकामाचे साहित्य पुरविण्याचे कंत्राट जोतीरावांनी घेतले. कात्रजचा बोगदा आणि येरवड्याची बांधकामे यांसाठीही त्यांनी मजूर व साहित्य पुरविले. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी या नावाने हा व्यवसाय चाले. कंपनी हा शब्द आज मोठा वाटतो. प्रत्यक्षात ती ओळखीपाळखीच्या विश्वासावर चालणारी मंडळी होती.

सरकारी कंत्राट हा धंदा दुरून फायद्याचा दिसतो. त्याची रचना जरा जवळून पाहिली म्हणजे त्यातील ताण उमगतो. कंत्राटदाराने अनामत आधी भरायची. दगड फोडणाऱ्यांना, गाडीवानांना आणि चुन्याच्या घाणीवरील माणसांना मजुरी आठवड्याच्या बाजाराला रोख द्यायची. आणि स्वतःचे बिल मात्र ओव्हरसीअरने मोजमाप घेतल्यावर, कारकुनाने कागद तयार केल्यावर आणि इंजिनीअरने सही केल्यावर मिळायचे. मजुरी देणे आणि बिल मिळणे यांमधील काळ ज्याला स्वतःच्या किंवा उसन्या पैशाने भरून काढता येतो, तोच कंत्राटदार टिकतो. आणि हा काळ किती लांबवायचा, हे कागद हलविणाऱ्या माणसाच्या हाती असते. लाचेचा उगम येथेच होतो.

जोतीरावांनी हे सारे आतून पाहिले आणि ते लिहून टाकले. आपल्या काव्यात सरकारी बांधकाम खात्यातील ब्राह्मण कारकून व कामगार मजुरांना आणि कंत्राटदारांना कसे नाडतात, गोरे अधिकारी त्यांच्यावर कसे विसंबून असतात, याचे त्यांनी वर्णन केले. १८८३ मध्ये लिहून पुऱ्या झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये हाच विषय पाटबंधारे, जंगल, महसूल अशा खात्यांपर्यंत विस्तारला. ज्या खात्याच्या टेबलावर आपले बिल पडून आहे, त्याच खात्याची लक्तरे वेशीवर टांगणे हे धाडसाचे काम होते. त्यातील जोखीम वाङ्मयीन नव्हती. थेट रोख रकमेची होती. एका अंगाने धंद्याने त्यांना लेखणीसाठी माहिती पुरविली, दुसऱ्या अंगाने लेखणीने धंद्याला सतत धोक्यात ठेवले. जोतीरावांच्या आयुष्यातील ही ओढाताण समजून घेतल्याखेरीज त्यांच्या गद्यातील तिखटपणाचा उगम कळत नाही.

आणखी एक गोष्ट येथेच घडली. दगडमातीच्या कामावर शेकडो मजूर एकत्र येत. खेडोपाडी विखुरलेला जो शेतकरी-मजूर सुधारकांच्या सभांना कधी आला नसता, तो येथे रोज भेटे. जोतीराव या मजुरांत मिसळत, त्यांच्याशी शिक्षणाविषयी, व्यसनांविषयी, लग्नकार्यातील कर्जाविषयी बोलत. अखेरीस २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाला पहिले अनुयायी व पहिले आश्रयदाते ज्या थरांतून मिळाले, त्यांत कंत्राटदार आणि त्यांची माणसे ठळक होती. मुंबईतील रामय्या व्यंकय्या अय्यावारू, व्यंकू बाळाजी कालेवार, नरसिंगराव सायबू वडनाला हे तेलुगू मूळ असलेले गृहस्थ बांधकामाच्या व्यवसायातून पुढे आले होते. समाजाला छापखाना घेण्यासाठी याच मंडळींनी आपली थैली मोकळी केली. धंद्यातील ओळखी विचाराच्या कामी आल्या. हा लाभ कोणत्याही खतावणीत दिसत नाही.

मांजरीचा मळा

तिसरा उद्योग शेतीचा. खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी पुण्याच्या पूर्वेस वाहू लागले, तेव्हा शेतकरी ते घेण्यास कचरत होते. पाणीपट्टी परवडेल का, कालव्याचे पाणी जमिनीला मानवेल का, अशा शंका होत्या, आणि त्या अगदीच निराधार नव्हत्या. कोरडवाहू जमीन बागायत करायची तर खत, बैल, बी आणि मजुरी यांचा खर्च एकदम अनेक पटींनी वाढतो. जोतीरावांनी हडपसरजवळ मांजरी येथे जमीन घेतली आणि कालव्याच्या पाण्यावर बागायत करून दाखविली. ज्या धरणाला त्यांनी साहित्य पुरविले होते, त्याच धरणाचे पाणी त्यांच्या मळ्यात खेळले.

येथे त्यांच्या निरनिराळ्या धंद्यांची एकमेकांत बसणारी रचना ध्यानात येते. पावसाळ्यात बांधकामे मंदावतात, तेव्हा शेतीला माणसे लागतात. शेतीचा पैसा हंगामाच्या शेवटी एकदम येतो, तर दुकानाचा थोडा थोडा रोज. कंत्राटात रक्कम मोठी, पण ती अडकून पडते. दुकानात रक्कम लहान, पण हाती राहते. बैल, गाड्या आणि माणसे यांचा उपयोग एका धंद्यात संपला की दुसऱ्यात होतो. केदारखेड्याचा दुकानदार-शेतकरी ज्या हिशेबाने खताच्या दुकानातील गल्ला पेरणीला वापरतो आणि कापसाचे पैसे आले की दुकानात माल भरतो, तोच हा हिशेब. याला धरसोड म्हणणे हे अज्ञान आहे. पाऊस, बाजार आणि सरकार या तिन्हींचा भरवसा नसलेल्या मुलखात अनेक आधार बांधणे हाच शहाणपणाचा विमा असतो.

शेतीच्या या अनुभवामुळे ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ केवळ आक्रोश राहिला नाही. डोंगरउतारावर ताली व बंधारे घालून पावसाचे पाणी जमिनीत मुरवावे, सरकारी पलटणीतील व पोलिसातील रिकाम्या माणसांकडून ती कामे करून घ्यावीत, विहिरींच्या जागा शोधून द्याव्यात, जनावरांची पैदास सुधारावी, शेतकी प्रदर्शने भरवून चांगल्या पिकाला बक्षिसे द्यावीत, अशा कितीतरी सूचना त्यात आहेत. मृद्संधारण आणि जलसंधारण हे शब्द प्रचारात येण्याच्या कितीतरी आधी त्यांतील मर्म एका कंत्राटदार-शेतकऱ्याने सांगितले होते. जालना जिल्ह्यासारख्या, दर काही वर्षांनी टँकरची वाट पाहणाऱ्या भागातील वाचकाने ती पाने अवश्य वाचावीत.

स्वातंत्र्याची मिळकत

या साऱ्या उद्योगांतून जोतीरावांना मिळाले काय? संपत्ती म्हणावी तर ती टिकली नाही. त्यांची खरी मिळकत स्वातंत्र्य ही होती. त्या काळातील बहुतेक सुधारक सरकारी नोकरीत होते. न्यायमूर्ती रानड्यांसारख्या थोर पुरुषासही आपल्या सार्वजनिक हालचालींबद्दल सरकारच्या संशयाला तोंड द्यावे लागले आणि बदल्या सोसाव्या लागल्या. जे नोकरीत नव्हते ते बहुधा संस्थानिकांच्या अगर दात्यांच्या आश्रयावर होते. जोतीरावांचे तसे नव्हते. त्यांना मिळणारा रुपया अनेक हातांतून येई, म्हणून कोणताही एक हात त्यांचा गळा आवळू शकत नव्हता.

१८७६ पासून ते पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून शहर शृंगारण्यासाठी एक हजार रुपये खर्च करण्याची सूचना आली. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा असे जोतीरावांचे मत होते. मतदान झाले तेव्हा विरोधात एकटे जोतीराव होते. सरकारनेच नेमलेल्या, शिवाय सरकारी कंत्राटे घेणाऱ्या माणसाने व्हाइसरॉयच्या स्वागताला विरोध करावा, ही गोष्ट साधी नव्हती. पुढे पुण्यात मोठी मंडई बांधण्याचे ठरले, तेव्हाही शिक्षणाकडे दुर्लक्ष करून होणाऱ्या या खर्चाला त्यांनी विरोध केला. बांधकाम हा ज्याचा व्यवसाय, त्याने शहरातील मोठ्या बांधकामास नको म्हणावे, यावरून धंदा आणि मत यांमधील सीमारेषा त्यांनी किती कटाक्षाने सांभाळली, हे दिसते. त्याच मंडईला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले.

पैशाचा ओघ कोठे गेला, हेही पाहण्यासारखे आहे. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात खेडी ओस पडली आणि मुले अन्नासाठी रस्त्यावर आली. १८७७ मध्ये जोतीराव आणि त्यांचे सत्यशोधक सहकारी यांनी धनकवडी येथे व्हिक्टोरिया बालाश्रम चालवून अशा मुलांच्या जेवणाची व्यवस्था केली. घरातील विहीर अस्पृश्यांना खुली करणे, बालहत्या प्रतिबंधक गृह चालविणे, ग्रंथ छापणे, समाजाच्या सभांसाठी प्रवास करणे, पाहुण्यांना जेवू घालणे, हा सारा खर्च ज्या घरातून होत होता, त्या घरात सावित्रीबाई राबत होत्या. या संसाराचा जमाखर्च लिहायचा तर सावित्रीबाईंच्या श्रमाला जमेच्या बाजूस पहिले स्थान द्यावे लागेल.

ताणाची बाजू

अनेक छोटे धंदे एकाच वेळी चालविणाऱ्याचा सर्वांत मोठा खर्च पैशाचा नसतो, लक्षाचा असतो. मोठ्या कारखान्यात व्यवस्थापक नेमता येतो. छोट्या धंद्यात मालक हाच मुनीम, हाच वसुली कारकून आणि हाच मुकादम. जोतीरावांना याशिवाय आणखी एक धंदा होता, तो समाजाला जागे करण्याचा, आणि त्यात तोटा निश्चित होता. कामावर हजेरीपट, मळ्यात पाण्याची पाळी, नगरपालिकेत सभा, रात्री लेखन, अशा दिनक्रमात कोणता तरी व्यवसाय दुर्लक्षित राहणारच. धंद्याचे शास्त्र सांगते की नफ्यातील काही भाग राखीव ठेवावा आणि काही पुन्हा धंद्यात घालावा. जोतीरावांचा राखीव निधी दुष्काळातील मुलांच्या पोटात गेला.

सहकाऱ्यांशी संबंधांतही हा ताण उतरला. ‘दीनबंधु’ हे पत्र १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी सुरू केले. पुढे ते नारायण मेघाजी लोखंडे यांच्याकडे आले. ‘शेतकऱ्याचा असूड’ची पहिली दोन प्रकरणे त्यांनी छापली, पण पुढील मजकूर छापण्याचे थांबविले. सरकारवर इतकी कठोर टीका छापणे पत्राला झेपणारे नव्हते. लोखंड्यांना दोष देणे सोपे आहे. पण छापखाना चालविणाऱ्याची जबाबदारी आणि स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या लेखकाची मोकळीक या दोन भिन्न गोष्टी आहेत. जोतीराव मात्र थांबले नाहीत. निरनिराळ्या गावी सभा भरवून त्यांनी तो ग्रंथ लोकांना वाचून दाखविला. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनीही तो ऐकला.

उजवा हात

१० जुलै १८८७ रोजी जोतीरावांनी आपले मृत्युपत्र नोंदविले. दत्तकपुत्र यशवंत हा एका ब्राह्मण विधवेचा मुलगा. बालहत्या प्रतिबंधक गृहात जन्मलेला. त्याच्या वारसाहक्काला भाऊबंदांकडून हरकत येऊ नये, ही दूरदृष्टी त्या दस्तऐवजामागे होती. कागद पक्का करण्याची ही सवय कंत्राटाच्या धंद्याने लावलेली होती. ११ मे १८८८ रोजी मुंबईच्या मांडवी येथील कोळीवाड्यात जमलेल्या सभेने त्यांना महात्मा ही पदवी दिली. आणि त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांनी, जुलै १८८८ मध्ये, त्यांना पक्षाघाताचा झटका आला. शरीराची उजवी बाजू लुळी पडली.

त्या झटक्याने धंद्यांच्या रचनेतील मूळ दोष उघडा केला. आधार अनेक होते, पण ते पेलणारा खांब एकच होता. दुकान, कंत्राट आणि शेती यांपैकी एक बुडाले तर दुसरे तारून नेईल, ही व्यवस्था उत्तम होती. परंतु या सर्वांना जोडणारा माणूसच पडला तर काय, याचे उत्तर त्या व्यवस्थेत नव्हते. पाऊस न पडणे, बिल न मिळणे, मालाला उठाव नसणे, या तिन्ही संकटांचा विमा जोतीरावांनी उतरविला होता. चौथे संकट त्यांच्या स्वतःच्या देहातून आले. उत्पन्न आटले, औषधोपचाराचा खर्च वाढला. डॉ. विश्राम रामजी घोले यांच्यासारखे सन्मित्र धावून आले. मामा परमानंद यांनी जोतीरावांच्या मदतीसाठी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. ज्या पुरुषाने आयुष्यभर कोणाच्या आश्रयाखाली राहावयाचे नाकारले, त्याच्यासाठी मित्रांना आश्रय मागावा लागला.

तरीही काम थांबले नाही. उजवा हात गेला तेव्हा जोतीरावांनी डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून काढले. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी यशवंताचा विवाह हडपसरचे सत्यशोधक सहकारी ज्ञानोबा कृष्णाजी ससाणे यांच्या कन्येशी सत्यशोधक पद्धतीने लावून दिला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. ते शेवटचे पुस्तक १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. डॉक्टर झालेला यशवंत आणि सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करीत होते. त्या सेवेतच प्लेगची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई वारल्या.

ताळेबंद

जोतीरावांच्या धंद्यांचा ताळेबंद मांडताना केवळ अखेरची शिल्लक पाहिली तर तो तोट्याचा दिसेल. मागे इस्टेट राहिली नाही, कंपनी राहिली नाही. परंतु ज्या पंचवीस वर्षांत हे धंदे चालले, त्या पंचवीस वर्षांतच ‘गुलामगिरी’ लिहिली गेली, सत्यशोधक समाज उभा राहिला, हंटर आयोगापुढील निवेदन सादर झाले आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा झाला. या प्रत्येक कृतीमागे कोणाच्याही मेहेरबानीवर नसलेला एक रुपया उभा होता. त्या रुपयाची किंमत व्याजाच्या दराने काढता येत नाही.

त्याच हंटर निवेदनात जोतीरावांनी शिक्षणाविषयी आणखी एक तक्रार केली होती. प्रचलित शिक्षण निव्वळ पुस्तकी आहे, ते मुलाला स्वतंत्र आयुष्यास तयार करीत नाही. खेड्यातील शाळेत शेतीचे व आरोग्याचे व्यावहारिक ज्ञान दिले पाहिजे, असे त्यांचे सांगणे होते. शिक्षकांना आणि कारकुनांना हे बोलणे झोंबेल, पण ते शत्रुत्वाने केलेले नव्हते. एका पगाराच्या आधारावर उभा राहिलेला वर्ग त्या पगाराच्या भीतीने गप्प बसतो, हे त्यांनी पाहिले होते. आज खेड्यापाड्यांतून पदवी घेऊन बाहेर पडणारा विद्यार्थी नोकरीच्या एकाच दारापुढे रांगेत उभा राहतो आणि गावी चार लहान उद्योग सांभाळणाऱ्या आपल्या चुलत्याला अडाणी समजतो, तेव्हा ही तक्रार अद्याप निकालात निघालेली नाही, असेच म्हणावे लागते.

मात्र जोतीरावांच्या आयुष्याचा उत्तरार्धही तितक्याच गांभीर्याने वाचला पाहिजे. अनेक धंद्यांनी मिळणारे स्वातंत्र्य खरे असले, तरी ते एका माणसाच्या प्रकृतीवर टांगलेले असेल तर त्याची मुदत त्या प्रकृतीइतकीच असते. हिशेब दुसऱ्याला कळेल असा लिहिणे, कारभारात घरच्यांना व सहकाऱ्यांना वाटेकरी करणे, आजारपणासाठी थोडे बाजूला ठेवणे, आणि शक्य तेथे चार माणसांनी मिळून सहकारी तत्त्वावर उद्योग उभा करणे, ही कामे शौर्याची नाहीत. म्हणून ती नेहमी मागे पडतात. महाराष्ट्रात सहकाराची चळवळ रुजली ती जोतीरावांच्या पश्चात. ती त्यांच्या हयातीत असती, तर मांजरीचा मळा आणि पुण्याची कंपनी त्यांच्या उजव्या हाताबरोबर लुळी पडली नसती, असे मानावयास जागा आहे. ज्यांना अशी साधने आज उपलब्ध आहेत, त्यांनी ती न वापरणे हे धाडस खासच नव्हे.